गाडीचं त्वरण ताब्यात ठेवायचंय? पॉवरट्रेनच्या अरेषीय नियंत्रणाची पहिली वाट

कंट्रोलच्या पहिल्या अभ्यासक्रमात शिकवलेला पीआय कंट्रोलर (चूक आणि तिची साठत जाणारी बेरीज यांवरून दुरुस्ती करणारा) गाडीला लावला, तर एका ठरावीक वेगाला तो छान चालतो. ताशी ६० किमीला जुळवलेले गेन (दुरुस्ती किती जोराने करायची ते ठरवणारे गुणक) घेऊन तीच गाडी पहिल्या गिअरमध्ये चालवली की हिसके बसतात, आणि ताशी १२० किमीला चढ लागला की ती सुस्तावते. गेन बदलून एक टोक सुधारलं की दुसरं बिघडतं. कारण गाडी ही एक प्रणाली नाहीच. गिअर, वेग, चढ, वजन आणि टायरखालचा रस्ता बदलला की तुमच्यासमोर वेगळीच प्रणाली उभी असते.

इथपर्यंत आलेली बहुतेक मंडळी थेट स्लायडिंग मोड किंवा मॉडेल प्रेडिक्टिव्ह कंट्रोल (एमपीसी, म्हणजे मॉडेलवरून पुढचा काही काळ वर्तवून नियंत्रण ठरवणं) यांवर उडी मारतात. मी ते सुचवणार नाही. आधी गाडीतल्या अरेषीय (दुप्पट दिलं तरी दुप्पट न मिळणाऱ्या) गोष्टी एकेक करून ओळखा आणि प्रत्येकीबद्दल ठरवा: हिचं उलटं गणित करून हिला रद्द करायचं, हिच्यावर जोर लावून मात करायची, की हिच्या वाटेलाच जायचं नाही. हा निवाडा नीट झाला तर पुढचा कंट्रोलर आश्चर्य वाटावं इतका साधा होतो.

खालचं सगळं समजायला साधी अवकल समीकरणं, पीआय कंट्रोलरची ओळख आणि सिम्युलेशनसाठी सिम्युलिंक किंवा पायथन एवढं पुरे. आकडे एका कल्पित १४०० किलोच्या कारचे आहेत. तुमच्या गाडीचे आकडे घालून हिशेब स्वतः करून पाहा, नुसता वाचू नका.

पायरी १: रस्ता किती बळ मागतो

गाडीला पुढे ढकलणारं बळ चार ठिकाणी खर्च होतं: हवेचा विरोध, टायरचा रोलिंग विरोध, चढ, आणि उरलं ते त्वरण. यात हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ड्रॅग गुणांक ०.३, समोरचं क्षेत्रफळ २.२ चौरस मीटर आणि हवेची घनता १.२ किलो प्रति घनमीटर धरली, तर ताशी ५० किमीला तो सुमारे ७६ न्यूटन येतो आणि ताशी १०० किमीला सुमारे ३०६. रोलिंग विरोधाचा गुणांक ०.०१ धरला तर तो १३७ न्यूटन. आणि ५ टक्के चढ? जवळजवळ ६८७ न्यूटन.

हे तीन आकडे शेजारी ठेवून पाहा. हवेच्या विरोधाचं समीकरण देखणं आहे, म्हणून नवखे त्यावर दिवस घालवतात. प्रत्यक्षात साधा चढ त्याला दुपटीने मागे टाकतो, आणि चढ तर मॉडेलमध्ये नसतोच, तो रस्त्यावर अचानक भेटतो. तेव्हा कंट्रोलरचा खरा शत्रू आहे माहीत नसलेला चढ.

हवा आणि रोलिंगचे आकडे मिळवायला कोस्ट-डाउन चाचणी करतात. सपाट, बंदिस्त ट्रॅकवर गाडी वेगात न्यायची, न्यूट्रल करायची आणि ती मंदावताना वेग नोंदवत राहायचा. दोन्ही दिशांनी करा, म्हणजे वारा आणि बारीक उतार बऱ्याच अंशी एकमेकांना छेद देतात. मिळालेल्या वक्रावर एक स्थिर पद, एक वेगाचं पद आणि एक वेगाच्या वर्गाचं पद बसवा. एवढे तीन गुणांक पुरतात.

पायरी २: चाकापासून मागे इंजिनापर्यंत

आता उलटा हिशेब. सपाट रस्त्यावर ताशी ५० किमीला १ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण हवंय. लागणारं बळ १४०० + ७६ + १३७, म्हणजे १६१३ न्यूटन. चाकाची त्रिज्या ०.३ मीटर, तर चाकावर ४८४ न्यूटन-मीटर टॉर्क. तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर फायनल ड्राइव्ह धरून ५.२ आणि ट्रान्समिशनची कार्यक्षमता ९२ टक्के घेतली, तर इंजिनाकडून साधारण १०१ न्यूटन-मीटर मागावे लागतील. त्या क्षणी इंजिन सुमारे २३०० आरपीएमवर फिरत असेल.

पण गाडीचं त्वरण वाढवताना इंजिन, फ्लायव्हील आणि चाकंही जास्त वेगाने फिरवावी लागतात, आणि इथेच बरेच जण घसरतात. इंजिनाचं जडत्व ०.१५ किलो-वर्ग मीटर असेल, तर चाकापाशी ते गिअर गुणोत्तराच्या वर्गाने मोठं होऊन दिसतं. तिसऱ्या गिअरमध्ये ते सुमारे ४५ किलोच्या जादा वजनासारखं वागतं. पहिल्या गिअरमध्ये एकूण गुणोत्तर १४ असेल, तर तेच जडत्व जवळपास ३२७ किलो होतं! चार चाकांचे आणखी चाळीस-पंचेचाळीस किलो धरा. म्हणजे तिसऱ्या गिअरमध्ये १०१ ऐवजी सुमारे १०७ न्यूटन-मीटर लागतात, आणि पहिल्या गिअरमध्ये फरक इतका मोठा असतो की तो सोडून दिला तर कंट्रोलर कायम कमीच मागत राहील. गिअरप्रमाणे बदलणारं हे 'प्रभावी वस्तुमान' तक्त्यात घालून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे, पण पुढचे बरेच दिवस वाचवतं.

पायरी ३: मागितलेला टॉर्क मिळतो तरी कसा

पेट्रोल इंजिनात तुम्ही हलवता थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप. टॉर्क थेट हलवता येत नाही. दोघांच्या मधे इनटेक मॅनिफोल्ड आहे, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणारी पोकळी. थ्रॉटल उघडला की आधी मॅनिफोल्ड हवेने भरतो, मग सिलिंडरमध्ये जास्त हवा जाते, मग टॉर्क वाढतो. एलबर्ट हेन्ड्रिक्स यांनी १९९०च्या सुमारास मांडलेल्या 'मीन व्हॅल्यू' इंजिन मॉडेलचा गाभा हाच आहे: प्रत्येक स्फोट वेगळा न धरता काही चक्रांची सरासरी घ्यायची. कंट्रोलसाठी एवढा तपशील पुरतो, आणि त्याहून बारीक मॉडेल नवख्याने हाती घेऊ नये असंच माझं मत आहे.

यात दोन अडचणी लपलेल्या आहेत. पहिली: थ्रॉटलच्या पलीकडचा दाब अलीकडच्या दाबाच्या सुमारे ०.५३ पटीहून खाली गेला की हवेचा प्रवाह ध्वनीच्या वेगाने 'चोक' होतो. मग तो फक्त उघडलेल्या क्षेत्रफळावर ठरतो, मॅनिफोल्डमधला दाब कितीही खाली गेला तरी. दुसऱ्या टोकाला, कमी आरपीएमवर थ्रॉटल थोडासा उघडला तरी मॅनिफोल्ड जवळजवळ वातावरणाच्या दाबाला पोचतो. त्यापुढे पेडल कितीही दाबा, टॉर्क हलत नाही. या सपाट भागात उलटा तक्ता वापरला तर थोड्याशा टॉर्कसाठी तो प्रचंड थ्रॉटल मागतो. म्हणून उलटा तक्ता बनवताना दर आरपीएमला थ्रॉटलची एक उपयुक्त कमाल मर्यादा घाला आणि तिच्यापुढे तक्त्याला जाऊच देऊ नका.

दुसरी अडचण उशिराची. फोर-स्ट्रोक इंजिनात आत घेतलेल्या हवेचा टॉर्क साधारण क्रँकच्या एका फेऱ्यानंतर मिळतो. हा उशीर १००० आरपीएमला ६० मिलिसेकंद असतो आणि ६००० आरपीएमला १०. उशीर वेगावर अवलंबून, म्हणजे हीसुद्धा अरेषीयताच. स्पार्क मागे घेऊन, म्हणजे ठिणगी उशिरा पाडून, टॉर्क झटकन कमी करता येतो, वाढवता मात्र येत नाही. आधीच राखीव ठेवला असेल तरच. हवा हा मंद मार्ग आणि स्पार्क हा जलद मार्ग अशी विभागणी त्यातूनच आली.

इलेक्ट्रिक मोटर असेल तर ही पायरी जवळजवळ गळून पडते. टॉर्क काही मिलिसेकंदांत मिळतो. फक्त एका वेगापर्यंत कमाल टॉर्क स्थिर असतो आणि त्यापुढे कमाल शक्ती स्थिर राहून टॉर्क उतरत जातो, एवढं तक्त्यात हवं. पण खूश होण्याआधी ड्राइव्हलाइनचा भाग वाचा. जलद टॉर्कमुळे तिथलं दुखणं वाढतं.

पायरी ४: आधी फीडफॉरवर्ड, मग छोटासा पीआय

आता पहिला कंट्रोलर बांधा. दोन मजले करा. वरचा मजला वेग बघतो आणि 'एवढं त्वरण हवं' असं सांगतो. खालचा मजला पायरी १ ते ३ मधला उलटा हिशेब करून ते त्वरण टॉर्कमध्ये आणि टॉर्क थ्रॉटलमध्ये बदलतो; चूक दिसायची वाट न पाहता आधीच केलेला हा हिशेब म्हणजे फीडफॉरवर्ड. वरच्या मजल्याला मग गाडी जवळपास रेषीय दिसते: त्वरण मागितलं, थोड्या उशिराने त्वरण मिळालं. पुस्तकी भाषेत हे फीडबॅक लिनिअरायझेशन. तुम्ही ते तक्त्यांनी केलंत इतकंच.

वरच्या मजल्यावर वेगात जेवढी चूक असेल तिच्या प्रमाणात त्वरण मागणारा साधा पीआय ठेवा. त्याचा इंटिग्रेटर (चूक साठवत जाणारा भाग) मॉडेलमधली चूक आणि चढ सांभाळेल. थ्रॉटल मर्यादेला टेकला की इंटिग्रेटर थांबवायलाच हवा, नाहीतर चढ संपल्यावर गाडी उसळी मारून वेगाच्या पुढे जाते. गिअर बदलत असताना टॉर्क तुटतो, तेव्हाही तो गोठवा.

एक बारकावा. हवेचा विरोध अचूक रद्द करण्याचा हट्ट नको. वेग वाढला की तोही वाढतो, म्हणजे तो स्वतःच गाडीला स्थिर ठेवायला मदत करतो. मापलेल्या वेगावरून तो शंभर टक्के रद्द केलात तर फुकटचं स्थैर्य गमावता, आणि ड्रॅग गुणांक जास्त धरला गेला असेल तर उलट अस्थैर्य घालता. फीडफॉरवर्डमध्ये मापलेल्या वेगाऐवजी अपेक्षित वेग वापरा, प्रश्न मिटतो.

अनेक गाड्यांना इथेच थांबलेलं चालतं. लॉगमध्ये चूक सहन होण्याइतकी असेल तर पुढच्या पायरीची घाई करू नका.

पायरी ५: स्लायडिंग मोड, पण आकड्यांसकट

चढ, वारा आणि वजन यांच्या चुकीवर हमखास मात हवी असेल, तर स्लायडिंग मोड कामी येतो. सोव्हिएत संघात येमेल्यानोव्ह, उत्किन आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत घडवली. वाहनांच्या ताफ्यासाठी बर्कलेच्या कार्ल हेड्रिक यांच्या गटाने ती नेटाने वापरली. १९९७ साली सॅन दिएगोजवळच्या महामार्गावर एकमेकींमागे अगदी कमी अंतर ठेवून आपोआप धावलेल्या ८ गाड्यांचा ताफा याच परंपरेतला.

कल्पना अशी: वेगातली चूक शून्य असलेला एक 'पृष्ठभाग' ठरवा. तुम्ही त्याच्या वर असाल तर ठरावीक मापाने खाली ढकला, खाली असाल तर वर. ढकलण्याचं माप सगळ्यात वाईट अज्ञात बळापेक्षा मोठं असेल, तर चूक शून्याकडे जाणारच. रशियन गणितज्ञ ल्यापुनोव्ह यांच्या १८९२च्या प्रबंधातली पद्धत वापरून हे दोन ओळींत सिद्ध होतं: वेगातल्या त्रुटीचा वर्ग सतत कमी होतो.

माप किती ठेवायचं? इथेच लोक अंदाजपंचे आकडा टाकतात. हिशेब करा. न कळलेला ३ टक्के चढ सुमारे ०.२९ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकं त्वरण खातो. ताशी १०० किमीला समोरून १० मीटर प्रति सेकंद वारा आला तर आणखी साधारण ०.१९. वजनात १० टक्के चूक असेल तर १ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाला ०.१. बेरीज ०.५८. माप ०.७ ठेवा. पाच किंवा दहा ठेवून 'जास्त मजबूत' काहीही होत नाही, फक्त प्रवाशांची मान दुखते.

नुसतं वर-खाली ढकलणं वापरलं तर थ्रॉटल थडथडत राहतो. याला चॅटरिंग म्हणतात. म्हणून शून्याभोवती एक पट्टा, म्हणजे बाउंडरी लेयर ठेवतात आणि पट्ट्याच्या आत उतरत्या रेषेने काम करतात. पट्ट्याची अर्धी रुंदी ०.५ मीटर प्रति सेकंद घेतली तर आतला गेन ०.७ भागिले ०.५, म्हणजे १.४. त्यातही ३ टक्के चढ कायम राहिला तर सुमारे ०.२१ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी पाऊण किमी चूक उरेल. ती नको असेल तर एक छोटा इंटिग्रेटर जोडा.

मग पट्टा अगदी अरुंद का करू नये? उशीर आडवा येतो. टॉर्क मिळायला ०.२ सेकंद लागतात असं धरा. गेन आणि उशीर यांचा गुणाकार १.५७ च्या वर गेला की असं लूप अस्थिर होतं. पट्टा ०.५ असेल तर गुणाकार ०.२८, निवांत. पट्टा ०.०५ केला तर गेन १४ आणि गुणाकार २.८, आता गाडी डोलणारच. म्हणून हा गुणाकार ०.५ च्या आत ठेवा. आमच्या आकड्यांत त्यासाठी पट्टा किमान ०.२८ हवा. स्लायडिंग मोड 'कशालाही दाद देत नाही' असं ऐकाल, तेव्हा हा गुणाकार आठवा. अज्ञात बळाला तो दाद देत नाही, उशिराला देतो.

सुपर-ट्विस्टिंगसारख्या उच्च क्रमाच्या पद्धती चॅटरिंग कमी करतात, पण उशिराची मर्यादा त्यांनाही चुकत नाही. सुरुवातीला त्यांच्या मागे लागू नका.

पायरी ६: दोन थर एकमेकांत गुंफणं

मॅनिफोल्डचा मंदपणा दुर्लक्षण्यासारखा नसेल, तर 'मागितलेलं त्वरण लगेच मिळालं' हे गृहीतक मोडतं. मग बॅकस्टेपिंग: आधी वेगासाठी हवा तो टॉर्क काढायचा, मग तो टॉर्क गाठण्यासाठी हवा तो मॅनिफोल्ड दाब, आणि मग तो दाब गाठण्यासाठी थ्रॉटल. प्रत्येक थराला आधीच्या थराच्या आदेशाचा अवकलज लागतो. दोन थरांपर्यंत ठीक, तिसऱ्याला समीकरणं पानभर पसरतात. स्वरूप, हेड्रिक, यिप आणि गर्डेस यांनी २००० साली मांडलेला डायनॅमिक सरफेस कंट्रोल यावर साधा उपाय देतो: आदेश एका फर्स्ट-ऑर्डर फिल्टरमधून काढा, त्याचा अवकलज फिल्टरमध्येच तयार मिळतो. फिल्टर आतल्या थरापेक्षा जलद नको आणि बाहेरच्यापेक्षा मंद नको.

नॉनलिनिअर एमपीसीची खरी किंमत पुढचा रस्ता माहीत असताना आणि मर्यादा अनेक असताना दिसते. नुसता वेग राखायला तो ओझं आहे.

पायरी ७: ज्या गोष्टींच्या वाटेला जायचं नाही

ब्रेक आणि थ्रॉटल. पेडल सोडल्यावर इंजिन ब्रेकिंगमुळे गाडी स्वतःच किती मंदावते, ते दर गिअर आणि वेगाला मोजून ठेवा. मागितलेलं त्वरण या रेषेच्या वर असेल तर थ्रॉटल, खाली असेल तर ब्रेक. रेषेभोवती थोडा हिस्टेरेसिसचा पट्टा (ज्याच्या आत आधीचीच निवड चालू राहते) ठेवा, म्हणजे एकाच क्षणी दोन्हींची मारामारी होणार नाही.

बॅकलॅश. गिअरच्या दातांमध्ये फट असते. टॉर्क उण्याचा अधिक होताना दात एका बाजूने सुटतात आणि दुसऱ्या बाजूवर आदळतात; तो 'ठक्क' आवाज आणि हिसका तिथूनच येतो. हे उलट्या गणिताने रद्द करता येत नाही, वळसाच घालायचा. टॉर्क शून्याच्या आसपास असताना बदलाचा वेग कमी करा, दात टेकले की पुन्हा वाढवा. इलेक्ट्रिक गाडीत रिजेनमुळे (मंदावताना मोटर वीज परत बनवते त्यामुळे) टॉर्कचं चिन्ह वारंवार बदलतं, म्हणून ही काळजी तिथे दुप्पट.

शफल. ड्राइव्हशाफ्ट पिळला जातो आणि सुटतो. कारमध्ये हे साधारण दर सेकंदाला काही वेळा, म्हणजे माणसाला सहज जाणवेल अशा वारंवारितेला होतं. इंजिन किंवा मोटरचा वेग आणि चाकाचा वेग गिअर गुणोत्तर लावून वजा करा. त्या फरकावर छोटा गेन लावून टॉर्कमधून वजा केलं की दोलन दमतं. गेन वाढवायचा मोह होईल, पण उशिराचा नियम इथेही लागू आहे.

टायरचं घसरणं. कोरड्या रस्त्यावर पकड साधारण १० ते २० टक्के स्लिपला (चाक आणि गाडीच्या वेगातल्या फरकाचं प्रमाण) शिखर गाठते आणि त्यापुढे घटते. शिखरापलीकडे जास्त टॉर्क म्हणजे कमी बळ, तेव्हा तुमचा सगळा उलटा हिशेब चुकीचं चिन्ह देतो. स्लिप मर्यादा ओलांडली की वेगाच्या कंट्रोलरचा हात सोडवून टॉर्क खाली आणणारं वेगळं तर्कशास्त्र ठेवा. गाडी जवळजवळ उभी असताना स्लिपचं गुणोत्तर शून्याने भागण्याकडे जातं. तिथे गुणोत्तराऐवजी चाक आणि गाडीच्या वेगातला फरक वापरा.

पायरी ८: सेन्सर आणि पहिली चाचणी

चाकाच्या वेगाचं अवकलन करून त्वरण काढलं तर गोंगाट येतो. अ‍ॅक्सिलरोमीटर गुळगुळीत असतो, पण चढावर गुरुत्वाकर्षणाचा तुकडाही मोजतो. तक्रार करू नका, वापरा: दोन्हींची वजाबाकी मंद फिल्टरमधून काढली की चढाचा अंदाज मिळतो. तो फीडफॉरवर्डमध्ये घातला की पायरी ५ मधलं ०.२९ जवळजवळ नाहीसं होतं आणि स्लायडिंग मोडचं मापही कमी करता येतं. वजनाचा अंदाज मात्र फक्त दमदार त्वरणातच अद्ययावत करा. स्थिर वेगाला वजनाबद्दल माहितीच नसते, आणि अंदाज भरकटत जातो.

चाचणीचा क्रम मोडू नका: सिम्युलेशन, मग हार्डवेअर-इन-द-लूप (खरा कंट्रोलर, आभासी गाडी), मग चॅसिस डायनॅमोमीटर (गाडी जागेवरच रोलरवर चालवणारं यंत्र), मग बंदिस्त ट्रॅक. सिम्युलेशनमध्ये वजन, उशीर आणि चढ मुद्दाम चुकीचे ठेवून पाहा. मॉडेल आणि कंट्रोलर एकाच आकड्यांवर चालले तर काहीही यशस्वी होतं. सार्वजनिक रस्त्यावर स्वतःचा कंट्रोलर चालवू नका. ट्रॅकवर टॉर्कची कठोर मर्यादा आणि चालकाने ब्रेक दाबताच कंट्रोलर बाहेर पडेल अशी स्वतंत्र व्यवस्था हवी, आणि ती कंट्रोलरच्या कोडवर अवलंबून नको.

पहिल्या फेरीत मागितलेलं त्वरण, मिळालेलं त्वरण, मागितलेला टॉर्क, थ्रॉटल, गिअर, ब्रेक दाब आणि इंटिग्रेटरचं मूल्य एकाच घड्याळावर नोंदवा. इंटिग्रेटर दर गिअरमध्ये वेगळ्या आकड्यावर स्थिरावत असेल, तर गेनला हात लावू नका. पायरी २ मधला प्रभावी वस्तुमानाचा तक्ता आणि पायरी ३ मधला टॉर्कचा तक्ता पुन्हा तपासा.